निवृत्तीनंतरचा दिवस कोण आखतो?

ऑस्ट्रियातल्या मारियेंटाल या छोट्या गावाचं पोट एका कापड गिरणीवर चालायचं. १९२९-३० मध्ये ती बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. त्यानंतर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी गावाचा बारकाईने अभ्यास केला. १९३३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी पगार गेल्याच्या नोंदी ठेवल्याच, शिवाय खिडकीआड बसून, हातात घड्याळ घेऊन, रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेगही मोजला. पुरुष रेंगाळत चालत, मध्येच थांबत. बायका भराभर जात, कारण त्यांचा पगार गेला असला तरी घरकाम सुटलं नव्हतं. दिवसभर काय केलं, असं विचारलं की पुरुषांना उठणं, जेवणं आणि झोपणं एवढंच धड आठवे. वाचनालयाची वर्गणी माफ केली होती, हाताशी भरपूर वेळ होता, तरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली.

ही लादलेली बेकारी होती, सन्मानाने घेतलेली निवृत्ती नव्हे. पेन्शन नसलेल्या घरातली चिंता निवृत्ताच्या घरात असेलच असं नाही, म्हणून दोन्ही गोष्टींना एका मापात बसवणं चूक ठरेल. तरीही याहोडा यांनी पुढे मांडलेला विचार निवृत्तीला लागू पडतो, असं मला ठामपणे वाटतं. त्या म्हणतात, नोकरी पगाराबरोबर आणखी पाच गोष्टी देत असते: दिवसाची आखणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चार जणांच्या साथीने काही साधल्याची भावना, समाजातली ओळख आणि हातापायांना नियमित काम. पगाराची जागा पेन्शन भरून काढते. बाकीच्या पाच गोष्टींची तजवीज मात्र निवृत्तीच्या कागदपत्रांत कुठेच नसते.

त्यांतली पहिली गोष्ट, दिवसाची आखणी, थेट शरीराशी जोडलेली आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका आहे. झोप, शरीराचं तापमान, संप्रेरकांची चढउतार यांचा रोजचा ताल तो सांभाळतो. हे घड्याळ बरोब्बर चोवीस तासांचं मात्र नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात त्याचा फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा निघाला, तोही तरुण आणि वयस्क दोघांमध्ये. म्हणजे बाहेरून कुणी रोज जुळवून दिलं नाही, तर ते थोडं थोडं मागे पडत जातं.

बाहेरचा आधार सुटला की दिवसांचा हिशेबही कसा चुकतो, हे मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने स्वतः अनुभवलं. १९६२ साली तो घड्याळ न घेता एका अंधाऱ्या गुहेत राहायला गेला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच उजाडला होता.

घड्याळ जुळवून देण्याचं मुख्य काम उजेड करतो. नोकरीत असताना आपल्या नकळत ते होत असतं. ठरावीक वेळी उठायचं आणि उजेडात बाहेर पडायचं, याला पर्यायच नसतो. निवृत्तीनंतर सकाळ घरातच सरू लागते. दिव्यांचा उजेड काहीशे लक्स (उजेड मोजण्याचं एकक) असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स मिळतात. त्यात वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि बाहुली लहान होते, त्यामुळे घड्याळाला लागणारा निळसर प्रकाश आत कमी पोहोचतो. म्हणजे उजेडाची गरज वाढते नेमकी तेव्हाच बाहेर पडण्याचं कारण नाहीसं होतं. म्हणून निवृत्त माणसाला एकच गोष्ट सुचवायची असेल, तर मी सकाळी ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायला सांगेन.

झोपेच्या बाबतीत मात्र बातमी चांगली आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय वीज व गॅस कंपनीतल्या १४,७१४ कर्मचाऱ्यांचा निवृत्तीपूर्वीची आणि नंतरची अशी सात-सात वर्षं मागोवा घेतला गेला. निवृत्तीच्या आदल्या वर्षी २४.२ टक्के लोकांची झोप बिघडलेली होती, पुढच्याच वर्षी हा आकडा १७.८ टक्क्यांवर आला. आधी मनाने थकलेल्यांना फरक जास्त जाणवला. या कर्मचाऱ्यांना पगाराच्या सुमारे ८० टक्के पेन्शन होती, हेही लक्षात ठेवायला हवं. कामाचा ताण उतरला आणि उद्याची चिंता नसली, तर शरीर खरोखर सुटकेचा श्वास घेतं. उशिरा उठण्याचा अपराधीपणा पहिल्या काही आठवड्यांत तरी कुणी बाळगू नये. वर्षानुवर्षं साठलेला थकवा असतो तो.

स्मरणशक्तीचं चित्र जरा वेगळं आहे. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल २’ या दीर्घ अभ्यासात निवृत्त झालेल्या ३,४३३ जणांच्या चाचण्यांची तुलना केली गेली. ऐकलेले शब्द आठवून सांगण्याची क्षमता वयाबरोबर घटतेच, पण निवृत्तीनंतर ती ३८ टक्के अधिक वेगाने घटली. तर्कशक्तीसारख्या बाकीच्या क्षमतांवर मात्र निवृत्तीचा असा परिणाम दिसला नाही. वरच्या पदांवरच्या लोकांना नोकरीत असेपर्यंत जे संरक्षण मिळत होतं, तेही नोकरीबरोबर संपलं. पूर्वीच्या हुद्द्याची पुण्याई मेंदूला फार काळ पुरत नाही, असा याचा अर्थ मी लावते. एकट्याने कोडी सोडवणं चांगलंच, पण नवी नावं, नवे चेहरे आणि कुणाला तरी दिलेली वेळ यांतून स्मरणाला जे काम मिळतं ते वेगळं. शिकवणी, एखादी समिती, गाण्याचा वर्ग, काहीही चालेल. तिथे आपली वाट पाहणारं कुणीतरी हवं. कारण त्यामुळे वेळेची आखणी आणि माणसांचा सहवास या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत मिळतात.

अशी नवी घडी बसायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१० च्या अभ्यासात ९६ जणांनी खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एक नवी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. ती आपोआप घडू लागायला मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी २५४ दिवसांचा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयी लवकर रुजल्या, व्यायामाच्या उशिरा. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी फारसं बिघडलं नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर दोन महिन्यांनीही सकाळी बाहेर पडायला मनाला ढकलावं लागत असेल, तर ती अगदी नेहमीची गोष्ट आहे.