कोयनानगर
कोयनानगर : सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयना नदीकाठची छोटी वसाहत. कराड–चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाटमाथ्याजवळ. महाबळेश्वरहून दक्षिणेकडे आलेली कोयना जवळच, हेळवाकपाशी, काटकोनात पूर्वेकडे वळते. वसाहत १९५० नंतरच्या दशकात कोयना धरणाच्या कामासाठी वसली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४.२१ च्या सुमारास झालेल्या भूकंपात (जुन्या लोकांचा ‘धरणीकंप’) तिची बहुतेक घरे पडली. मृतांची संख्या साधारणपणे १८० च्या आसपास धरतात. रिश्टर मापावर जुन्या नोंदी ६.५ किंवा अधिक, तर अलीकडचे अभ्यासक ६.३ देतात, हाच आकडा अधिक ग्राह्य वाटतो.

भूकंपाच्या कारणाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो जुन्या प्रस्तरभंगावरील (खडकातील ज्या भेगेवर दोन्ही बाजू सरकतात ती) नैसर्गिक हालचालीचा परिणाम होय. दुसऱ्या मतानुसार धरणामागचा शिवाजीसागर जलाशय त्यास निमित्त ठरला : स्थिर मानलेल्या या प्रदेशात १९६२ च्या सुमारास, पाणी साठू लागल्यावर, लहान धक्के जाणवू लागले, आणि पावसाळ्यानंतर ते वाढतात असे पुढे आढळले. दोन्ही मते परस्परविरोधी असलीच पाहिजेत असे नाही. ताण खडकात आधीच होता. पाण्याच्या दाबाने प्रस्तरभंग सरकणे सोपे झाले, असे आता बहुतेक मानतात. वारणा जलाशय भरल्यावर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडेही पसरले. जवळच्या रासाटी येथील वेधनविवरात (यंत्राने खणलेल्या खोल छिद्रात) बेसाल्टची जाडी ९०० मी.हून अधिक भरली. त्याखाली ग्रॅनाइटी खडक आहे.

धरण (उंची १०३ मी., रबल काँक्रीट म्हणजे मोठे दगड घातलेले काँक्रीट) टिकले, पण माथ्याखाली जेथे उतार एकदम बदलतो तेथे आडवे तडे गेले. बांधकाम चालू असताना आराखडा बदलल्याने हा सांधा उरला होता. १९७३ पर्यंत सांडव्याव्यतिरिक्त भागास मागून काँक्रीटचे टेकू दिले. सांडवा २००६ मध्ये बळकट केला.

घरांचे नुकसान मुख्यतः चिखलात रचलेल्या दगडी भिंतींमुळे झाले. अशा भिंतीचे आतले व बाहेरचे पदर सुटून फुगतात आणि छप्पर खाली येते. पुनर्बांधणीत हलक्या, पत्र्याच्या छपरांची घरे आली. नेहरू उद्यान हे पर्यटकांचे ठिकाण. नोकरभरतीतील २ टक्के समांतर (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच लागू होणाऱ्या) आरक्षणासाठी लागणारा ‘भूकंपग्रस्त’ दाखला पाटण तालुक्यात आजही महत्त्वाचा कागद मानला जातो.