तार पेशीत घुसली, की पेशीनं तार गिळली?

सिलिकॉनच्या उभ्या नॅनोतारांवर, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तारांवर, बसलेल्या पेशीचा फोटो पाहिला की खिळ्यांवर ठेवलेला फुगा आठवतो. तारा आरपार गेल्या असणार, असंच वाटतं. पण पेशीचं पटल, म्हणजे तिचं बाहेरचं आवरण, हे ताणलेलं रबर नव्हे. ते जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं आणि तेलाच्या तवंगासारखं वाहतं असतं. खालून तार आली की बहुतेकदा ते फाटत नाही, पायात मोजा चढवावा तसं तारेवर चढतं.

फरक इथेच आहे. टोचलं, तर तारेचं टोक थेट पेशीद्रव्यात. गुंडाळलं किंवा गिळलं, तर तार कितीही खोल दिसली तरी मधे पटल आहेच, म्हणजे हिशेबानं ती अजून बाहेरच.

२००७ मध्ये बर्कलेत पेइडाँग यांग यांच्या गटानं उंदराच्या भ्रूण-मूळपेशी अशा तारांवर वाढवल्या. तारा आपोआप आत शिरल्या आणि तरीही पेशी काही दिवस जगल्या, असं त्यांनी मांडलं. पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काप पाहिल्यावर बऱ्याच ठिकाणी तारेभोवती पटल अखंड दिसू लागलं.

मग खरं टोचलंय किती, हे मोजायचं कसं? स्टॅनफर्डच्या निकोलस मेलोश यांच्या गटाची २०१४ची युक्ती मला फार आवडते. तारा सिलिकॉनच्या नव्हे, अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) पोकळ नळ्या होत्या, पण प्रश्न तोच. हिरव्या चमकणाऱ्या पेशी नळ्यांवर बसवल्या आणि खालून कोबाल्टचे आयन सोडले. आयन पेशीद्रव्यात पोचले की हिरवा उजेड विझतो, मधे पटल असेल तर नाही. जेमतेम ७ टक्के नळ्या खऱ्या आत गेलेल्या निघाल्या!

औषध किंवा जनुक पोचवायचं असेल तर हा फरक महागात पडतो. गिळलेला माल पिशवीत बंद होऊन लायसोसोमच्या, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीच्या, आम्लात जातो आणि तिथे जनुकाचं मातेरं होतं.

पृष्ठभागाला न चिकटलेल्या सुट्या तारांची गोष्ट वेगळी. २०१६ मध्ये शिकागोच्या बोझी तियान यांच्या गटानं दाखवलं, की काही जातींच्या पेशी सुटी सिलिकॉन तार सरळ गिळतात आणि पेशीतल्या सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून केंद्रकाकडे ओढत नेतात. चेतापेशी आणि हृदयाच्या पेशी मात्र तिला तोंड लावत नाहीत.

याच तियान यांनी २०१० मध्ये, हार्वर्डला चार्ल्स लीबर यांच्याकडे असताना, हृदयाच्या पेशीत तार घातली होती. ती न टोचता, न भरवता. वाकवलेल्या तारेच्या टोकावरच्या, विजेचे बदल टिपणाऱ्या ट्रान्झिस्टरला पटलाच्याच जातीच्या फॉस्फोलिपिडचा लेप दिला. पटल लेपात मिसळून गेलं आणि पेशीच्या आतला विजेचा ठोका तारेवर उमटला.