शुगरच्या न्युरोपॅथीत तोलाची फिजिओथेरपी

शुगरमुळं पायाच्या नसा बधिर झालेल्या वयस्कर माणसांचा तोल सुधरावा आणि पडणं कमी व्हावं म्हणून दिलेली व्यायामाची ट्रीटमेंट. सगळ्यात लांबच्या नसा आधी खराब होतात म्हणून त्रासाची सुरुवात पायाच्या बोटांपासून, आणि दोन्ही पायांत सारखीच. मराठवाड्यातले पेशंट सांगतात ते असं की तळपायाला मुंग्या येतेत, आग होती, चप्पल कधी निसटली कळलंच नाही.

तोल सांभाळायला तळपाय-घोट्यातली जाणीव, डोळे आणि आतला कान असे तिघं लागतात. पहिली गेली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो, म्हणून दिवसा पारावर जाऊन येणारे आजोबा रात्री लाईट गेली की न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळतात, त्यात मोतीबिंदू असला तर मग विचारूच नका.

जाणीव बघायला 10 ग्रॅमची मोनोफिलामेंट (10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक धागा, तळपायाला टेकवायचा) आणि 128 हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क (वाजवून थरथर कळते का बघायचा धातूचा चिमटा) वापरतात. सोपी टेस्ट म्हणजे खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका धरतात.

व्यायामानं मेलेली नस परत येईल असं समजू नये, खरा फायदा पायातली ताकद आणि उरलेली जाणीव वापरायची सवय ह्याचा. किचनच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, मग चवडे, हात न टेकता खुर्चीतून उठणं, टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालणं, आधी दोन्ही हातांनी धरून, मग एका, मग नुसत्या बोटाचा आधार. डोळे मिटून करायचे प्रकार फिजिओ शेजारी उभा असेल तरच. घरचे मात्र 'पडतील' म्हणून म्हाताऱ्याला बाजेवर बसवून ठेवतात, त्यानं पाय अजून कमजोर होतात.

तळपायाला जखम असेल तर उभ्याचे व्यायाम बंद. इन्सुलिनवाल्यांची शुगर 90 च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं. काहींचा बीपी उठल्याबरोबर उतरतो, त्यांनी पाय खाली सोडून जरा बसावं मगच उठावं. कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा नवस ह्या पेशंटांनी बूट घालूनच फेडावा, चटका बसला तरी कळत नाही.

काठी घ्यायला बरेच जण लाजतात, पण काठी नुसता आधार नाही, जमीन कशी आहे ते हाताला कळतं. हात खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी एवढी उंच घ्यावी, खाली रबर बसवलेली.