विंडोजचं अपडेट फसल्यावर दिसणारा आकडा येतो कुठून?

संगणक रीस्टार्ट होतो, टक्केवारी हळूहळू वर चढते आणि मध्येच ओळ बदलते: केलेले बदल मागे घेत आहोत, संगणक बंद करू नका. पुन्हा लॉगिन केलं की अपडेटच्या यादीत 'अयशस्वी' असा शेरा असतो आणि त्याच्यापुढे ०एक्स८००७००७० असा काहीतरी आकडा. बहुतेक जण तो सोडून देतात आणि 'पुन्हा प्रयत्न करा'वर क्लिक करतात. माझं म्हणणं असं की आधी तो आकडाच वाचावा.

सुरुवातीचं ०एक्स ही पुढचा आकडा सोळाच्या पटीत मोजल्याची खूण. त्यानंतरच्या ८चा अर्थ काम फसलं. त्यानंतरचं ००७ सांगतं की ही तक्रार विंडोजच्या मूळ चुकांच्या यादीतली आहे. शेवटचे ७० सोळाच्या पटीत मोजलेले असतात, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत ७ गुणिले १६, ११२. त्या यादीत ११२ क्रमांकाला लिहिलंय: डिस्कवर जागा नाही. शेवटी २ आला तर फाइल सापडली नाही आणि ५ आला तर परवानगी नाकारली. हे २ आणि ५ तर १९८३च्या एमएस-डॉस २.०पासून चालत आलेले आहेत.

अपडेटची यंत्रणा मात्र त्यामानाने बरीच नवी. १९९८मध्ये विंडोज ९८सोबत विंडोज अपडेट आलं तेव्हा ती एक वेबसाइट होती. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती उघडायची, यादीतून हवं ते निवडायचं आणि डायल-अपवर वाट बघत बसायचं. त्या काळातली खरी डोकेदुखी वेगळीच होती. एखादा नवा प्रोग्रॅम टाकला की तो डीएलएल फायलींवर, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या फायलींवर, आपल्याकडची जुनी प्रत चढवायचा आणि दुसरंच काहीतरी बंद पडायचं. सिस्टिम फाइल चेकर, म्हणजे विंडोजच्या बिघडलेल्या फायली शोधून दुरुस्त करणारी आणि आजही सगळे सुचवतात ती एसएफसी कमांड, विंडोज ९८मध्ये आली ती याच दुखण्यावर. २००१च्या विंडोज एक्सपीने बिट्स ही सेवा दिली. लाइन मोकळी असेल तेवढाच वेग वापरायचा आणि कनेक्शन तुटलं तर जिथे थांबलो तिथूनच पुढे उतरवायचं, हे तिचं काम. अडकलेल्या अपडेटसाठी ही सेवा बंद करून पुन्हा सुरू करायला सांगतात, त्याचं मूळ इथे आहे.

मग २००३चा ऑगस्ट आला. ब्लास्टर हा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा छोटा अपडेट, मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिला होता, पण असंख्य संगणकांवर तो चढलेलाच नव्हता. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचं, पुन्हा पुन्हा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देण्याची पद्धत पडली आणि २००४च्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ने ऑटोमॅटिक अपडेट चालू ठेवण्याचा आग्रह धरला. अपडेट आपल्या मागे का लागतं, त्याचं उत्तर या दोन वर्षांत आहे. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म पसरला तेव्हाही पॅच मार्चमध्येच आलेला होता. म्हणून अपडेट फसतंय तर ते कायमचं बंदच करून टाका, हा सल्ला मला धोकादायक वाटतो.

दुरुस्तीच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल विंडोज व्हिस्टाने, २००७मध्ये केला. विंडोजच्या प्रत्येक घटकाच्या प्रती विनएसएक्सएस या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि अपडेट त्या कोठारातूनच लावायचं, अशी रचना झाली. एसएफसीसुद्धा बिघडलेल्या फाइलसाठी चांगली प्रत तिथूनच उचलते. पण कोठारातलीच प्रत खराब असेल तर? व्हिस्टा आणि विंडोज ७साठी त्यावर एक वेगळं टूल उतरवून घ्यावं लागायचं. २०१२च्या विंडोज ८पासून डिझम कमांडला रिस्टोअरहेल्थ हा पर्याय मिळाला आणि कोठार दुरुस्त करण्याची सोय विंडोजमध्येच झाली. त्यामुळे आधी डिझम, मग एसएफसी हा क्रम उलटा करू नये. नुसती एसएफसी चालवून 'काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत' या ओळीवर थांबणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचं काम खरं तर अर्ध्यावरच राहिलेलं असतं.

विंडोज १०ने, २०१५मध्ये, सुटे पॅच बंद करून दर महिन्याला एकच एकत्रित अपडेट द्यायला सुरुवात केली. एखादा महिना चुकला तरी पुढच्या अपडेटमध्ये मागचं सगळं येतं, ही सोय मोठी. पण ते एक अडलं की त्या महिन्याचं सगळंच अडतं. मोठ्या फीचर अपडेटची, म्हणजे विंडोजची नवी आवृत्तीच आणणाऱ्या अपडेटची, जोखीम याहून वेगळी. २ ऑक्टोबर २०१८ला आलेली विंडोज १०ची १८०९ आवृत्ती काही जणांच्या वैयक्तिक फायली पुसून टाकत असल्याचं दिसल्यावर चारच दिवसांत थांबवावी लागली आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिली गेली. २०१९मध्ये अपडेटसाठी सुमारे ७ जीबी जागा राखून ठेवण्याची सोय आली, पण ती मुख्यतः नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकांवर.

जागेचा प्रश्न मात्र दुसऱ्या दाराने परत आला. ९ जानेवारी २०२४च्या एका सुरक्षा अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे विंडोज बिघडल्यास दुरुस्तीसाठी डिस्कवर वेगळ्या ठेवलेल्या भागात, २५० एमबी मोकळी जागा हवी होती. विंडोज १०च्या कितीतरी संगणकांवर ते छुपं पार्टिशन तेवढं मोठं नव्हतंच. आकडा आला ०एक्स८००७०६४३. त्यातले ६४३ उलगडले की होतात १६०३, आणि १६०३चा अर्थ एवढाच: इन्स्टॉलेशन फसलं. जागा कमी असल्याचं सांगणारा आकडा दिसायला हवा होता, चूक हाताळणाऱ्या कोडमधल्या दोषामुळे हा दिसतो, असं मायक्रोसॉफ्टनेच आपल्या टिपणात लिहिलं. लोक सी ड्राइव्ह रिकामी करत राहिले आणि अपडेट फसतच राहिलं. सी ड्राइव्ह २५० एमबीने लहान करून ती जागा रिकव्हरी पार्टिशनला द्यायची, हा उपाय कमांड टाइप करून हातानेच करावा लागला. आपोआप दुरुस्ती येणार नाही, हे कंपनीने काही महिन्यांनी जाहीर केलं.