घरात पैसा नाही, की घरात लक्ष नाही?

अमेरिकेतल्या एखाद्या सरकारी शाळेत तिसरीतला मुलगा ऐन डिसेंबरात कोटाशिवाय येतो. कपडे कालचेच. सोमवारी सकाळी शाळेचा नाश्ता तो असा संपवतो, की शनिवार-रविवारी याच्या पोटात काय गेलं असेल, असा प्रश्न बाईंना पडतो. कारण दोनांपैकी कुठलंही असू शकतं: घरात पैसा नाही, किंवा मुलाकडे कुणाचं लक्ष नाही. मुलाच्या अंगावर दोन्हींच्या खुणा सारख्याच दिसतात.

शिक्षक, डॉक्टर, नर्स, समाजसेवक यांना तिथे मुलाची हेळसांड होत असल्याचा संशय आला, तर बालसंरक्षण खात्याला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. या कायद्यांची सुरुवात मात्र हेळसांडीतून झाली नव्हती. १९६२ साली डॉ. हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवर एक शोधनिबंध लिहिला. मोडून पुन्हा जुळलेली हाडं एक्स-रेमध्ये दिसत होती आणि पालकांनी सांगितलेली कारणं त्यांच्याशी जुळत नव्हती. पुढच्या पाचेक वर्षांत सगळ्या राज्यांनी कळवण्याचे कायदे केले. आज मात्र ज्या मुलांबाबत काहीतरी सिद्ध होतं, त्यांतल्या जवळपास तीन-चतुर्थांश प्रकरणांत हेळसांड असते. आणि हेळसांडीचा एक्स-रे निघत नाही.

त्यात कायद्याचं गणित एकतर्फी आहे. पुरावा लागत नाही, वाजवी संशय पुरतो. प्रामाणिकपणे केलेली तक्रार चुकीची निघाली तर संरक्षण मिळतं. कळवलं नाही तर बहुतेक राज्यांत तो गुन्हा. अशा वेळी माणूस फोन उचलणारच! चौकशी झालेल्या पाच-सहा मुलांमागे एखाद्याच मुलाच्या बाबतीत आरोप सिद्ध होतो. २०१७ च्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की अठरा वर्षांची होईपर्यंत अमेरिकेतल्या सुमारे ३७ टक्के मुलांच्या घरी अशी चौकशी होते. कृष्णवर्णीय मुलांत हे प्रमाण ५३ टक्के. ‘निष्पन्न काही झालं नाही’ असं कागदावर लिहिणं सोपं असतं. अनोळखी माणूस येऊन फ्रिज उघडून बघतो, मुलाला बाजूला घेऊन प्रश्न विचारतो, ते त्या घराच्या चांगलंच लक्षात राहतं.

मग फरक ओळखायचा कसा? अनुभवी माणसं कोट नाही हे बघून थांबत नाहीत. कोट दिल्यावर काय होतं ते बघतात. शाळेने कोट दिला आणि मुलगा दुसऱ्या दिवसापासून तो घालून आला, आईने निरोप पाठवला, तर प्रश्न पैशाचा होता. डॉक्टरांकडेही अशीच एक साधी युक्ती आहे. ‘गेल्या बारा महिन्यांत, हातात पैसे येण्याआधीच घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का?’ आणि ‘खरंच संपलं आणि आणायला पैसे नव्हते, असं झालं का?’ एवढे दोनच प्रश्न. आईला आरोपी न करता विचारता येतात. बाल्टिमोरच्या एका बालरुग्ण विभागात डॉ. हॉवर्ड डुबोविट्झ यांनी डॉक्टरांना असे प्रश्न विचारायला शिकवलं आणि जोडीला समाजसेवक दिला. त्या कुटुंबांबद्दल खात्याकडे जाणाऱ्या तक्रारी नेहमीच्या उपचारांवर असलेल्या कुटुंबांपेक्षा कमी झाल्या.

तरीही गरिबी आणि हेळसांड यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत कमी उत्पन्नाच्या घरांत हेळसांडीचं प्रमाण इतरांच्या सातपटीहून अधिक आढळलं. बहुतेक गरीब आईबाप मुलांना जिवापाड जपतात, हेही तितकंच खरं. पण रात्रपाळी, थकलेलं भाडं आणि नैराश्य एकत्र आलं की लक्ष सुटतं. म्हणून मला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा प्रयोग सगळ्यात बोलका वाटतो. तिथे काही आयांना वडिलांनी भरलेली पोटगी पूर्ण मिळाली, काहींच्या पोटगीतला वाटा सरकारने ठेवून घेतला. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलेलं. रकमेतला फरक किरकोळ होता, पण पूर्ण पैसे मिळालेल्या आयांविरुद्ध खात्याने चौकशीला घ्यावी अशी तक्रार येण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी घटली. म्हणजे काही हेळसांड पैशानेच थांबते.

जी थांबत नाही, ती वेगळी दिसते. मधुमेही मुलीचं इन्शुलिन सरकारी विम्यातून फुकट मिळतंय, घरी आणून ठेवलंय, नर्सने टोचायला शिकवलंय, फोनवर फोन केलेत, आणि तरीही मुलगी पुन्हा साखर चढून दवाखान्यात. इथे कोट देऊन भागत नाही, कळवलंच पाहिजे.

कॅलिफोर्नियाने २०२३ पासून कायद्यात स्पष्ट लिहिलं, की केवळ पालकाची आर्थिक ओढाताण म्हणजे हेळसांड नव्हे. आपल्याकडच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यातही, परिस्थितीने हात टेकलेल्या जन्मदात्यांनी मूल सोडलं तर ते जाणूनबुजून सोडलं असं धरत नाहीत. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना: तिथे कळवण्याचं बंधन शिक्षक-डॉक्टरांपुरतं नाही, प्रत्येकावर आहे. शेजारच्या घरात नुसती चणचण दिसत असेल, तर धान्य, भाडं, हीटिंगच्या मदतीची माहिती २११ या क्रमांकावर मिळते.