जनुकीय सुधारित पिके आणि शेतकरी

जनुकीय सुधारित, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकांत बदल केलेल्या, पिकांची मोठ्या प्रमाणावरील लागवड अमेरिकेत १९९६ साली सुरू झाली. सोयाबीन, मका, कापूस व कॅनोला (मोहरीवर्गीय तेलबी) या चार पिकांनीच आजही तिचे बहुतेक क्षेत्र व्यापले आहे. वाणांत घातलेले मुख्य गुण दोनच: किडीला प्रतिकार आणि तणनाशक सहन करण्याची क्षमता. पिकाची मूळ उत्पादनक्षमता त्यांनी वाढत नाही. नुकसान टळते किंवा मजुरी वाचते. त्यामुळे कीड जास्त आणि फवारणी अपुरी, अशा ठिकाणी फायदा ठळक दिसतो. क्लुम्पर व काइम या कृषी अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये १४७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कीटकनाशकांचा वापर सरासरी ३७ टक्क्यांनी कमी, तर उत्पादन २२ व नफा ६८ टक्क्यांनी जास्त आढळला. अर्थात या सरासरीत बागायतदार आणि कोरडवाहू शेतकरी एकत्रच मोजले जातात.

खरा प्रश्न बियाण्याच्या मालकीचा आहे. भारतात २००२ साली मंजूर झालेला बीटी कापूस (एका जिवाणूचे जनुक घालून बोंडअळीला प्रतिकारक केलेला) प्रामुख्याने संकरित वाणांतून आला. संकरित वाणाचे घरी राखलेले बी पुढच्या पिढीत तसेच पीक देत नाही, म्हणून दर हंगामाला नवे पाकीट घेणे भाग पडले. सुरुवातीला सुमारे १,६०० रुपयांना मिळणारे ४५० ग्रॅमचे पाकीट आंध्र प्रदेश सरकारने २००६ मध्ये दाद मागितल्यावर ७५० रुपयांवर आले. पाऊस हुकला की महाग बियाण्याने तोटाही मोठा होतो. शेतकरी आत्महत्यांचे खापर मात्र एकट्या बीटीवर फोडणे आकडेवारीला धरून नाही. बांगलादेशातील बीटी वांगे सरकारी संस्थेने सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत दिले. तिथले शेतकरी घरचे बी राखून पेरू शकतात.

फायदा टिकतोच असे नाही. गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि फवारण्या परतल्या. अमेरिकेत ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानणाऱ्या राजगिरावर्गीय तणाने काही कापूस उत्पादकांवर हाताने तण उपटण्याची वेळ आणली. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोत बोंडअळी आटोक्यात आली, पण धागा आखूड निघाल्याने २०१६ मध्ये बीटी कापूस सोडून द्यावा लागला.

मजुरीवरचा परिणाम दोन्ही बाजूंचा आहे. कापूस जास्त पिकला की वेचणीला जाणाऱ्या बायकांचे रोज वाढतात. तणनाशक-सहनशील वाण आले की त्याच बायकांची निंदणी जाते. भारतात अशा कापसाला मंजुरी नाही, तरी निंदणीचा खर्च वाचावा म्हणून शेतकरी चोरट्या मार्गाने येणारे बियाणे घेतात. या पाकिटासोबत पावती नसते. ते उगवले नाही, तर भरपाई मागायची सोयच नाही.