बॅकअप होता, फोटो नव्हते

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरच्या सर्व्हरची एसएसडी गेली. सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, सेकंडहँड मिनी पीसी, टीव्हीच्या मागे ठेवलेला, त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच पीसीवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं आणि आत एक व्हर्च्युअल मशीन आणि तीन कंटेनर. लाइट गेली, आली, परत गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा डिस्क दिसेचना. मी मात्र निवांत, कारण रोज रात्री दोनला दुसऱ्या एका जुन्या पीसीवर बॅकअप व्हायचा आणि सकाळी हिरवी टिक दिसायची. नवीन एसएसडी बसवली, चहा घेऊन बसलो, म्हटलं अर्ध्या तासात उरकू. उरकायला रात्रीचे साडेअकरा वाजले.

आधी हे दोन प्रकार काय आहेत ते सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा अख्खा कॉम्प्युटर, त्याला स्वतःची डिस्क, स्वतःचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), बाहेर कोण आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतंच, तो बाहेरच्या मशीनचं वापरतो. चाळीतल्या खोलीसारखं, खोली तुमची, कुलूप तुमचं, पण नळ सगळ्यांचा एक. म्हणून कंटेनर काही सेकंदात चालू होतो आणि रॅमही कमी खातो. आणि म्हणूनच बॅकअपमधून परत आणताना तो जरा नखरे करतो.

आता चालू मशीनचा बॅकअप कसा घेतात हा प्रश्न मला कित्येक दिवस छळत होता. डिस्क ३२ जीबीची, कॉपी करायला पाच-सहा मिनिटं लागणार, आणि तेवढ्या वेळात मशीन त्याच डिस्कवर लिहितंय, मग अर्धी कॉपी दोन वाजताची आणि अर्धी दोन वाजून पाच मिनिटांची असं भेसळ प्रकरण नाही का होणार? नाही होत. किराणा दुकानाची खातेवही समजा. तुम्हाला दोन वाजता जशी होती तशी वही उतरवून घ्यायचीये, पण दुकान चालू आहे. तुम्ही पहिल्या पानापासून उतरवत निघालात, दुकानदाराला मात्र सांगून ठेवलंत की मी जे पान अजून उतरवलं नाही त्यावर लिहायचं असेल तर हात थांबव, आधी मला जुनं पान घेऊ दे, मग लिही. हाताशी शेवटी जी वही येते ती बरोब्बर दोन वाजताची. व्हर्च्युअल मशीन चालवणारं क्यूएमू नावाचं सॉफ्टवेअर अगदी हेच करतं, पानांच्या जागी डिस्कचे ब्लॉक.

पण दोनच्या ठोक्याला दुकानदार एक ओळ लिहीत होता, तिचं काय? ती अर्धीच येणार. म्हणजे असा बॅकअप रिस्टोअर केला की आतल्या सिस्टिमला वाटतं की दोन वाजता कोणीतरी प्लग उपटला. पोस्टग्रेससारखे डेटाबेस यासाठी तयार असतात, कुठलाही बदल खऱ्या जागी करायच्या आधी ते वेगळ्या फाइलीत नोंद टाकतात, आणि उठल्यावर ती नोंद वाचून अर्धवट कामं निस्तरतात. शिवाय मशीनच्या आत गेस्ट एजंट नावाचा छोटा प्रोग्राम टाकलेला असेल तर बॅकअप सुरू व्हायच्या क्षणी तो आतल्या फाइल सिस्टिमला म्हणतो, हातातलं लिहून टाक आणि क्षणभर गप्प बस. छोटीशी गोष्ट आहे, पण टाकून ठेवा.

माझं व्हर्च्युअल मशीन तर लोण्यासारखं परत आलं. बॅकअपमध्ये डिस्कसोबत सेटिंगही येतं, किती रॅम, किती कोर, नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस (राउटर ज्यावरून मशीन ओळखतो तो नंबर) सुद्धा तोच, त्यामुळे राउटरला कळलंही नाही की मधे काही झालं. (जुनं मशीन जिवंत असताना शेजारी त्याची कॉपी उभी करायची असेल तर मात्र हाच मॅक नडतो, दोघं एकाच नावाने हाका मारत बसतात. रिस्टोअर करताना ‘युनिक’वर टिक केली की नवा मॅक मिळतो.)

मग कंटेनर. दोन आले, तिसरा, ज्यात घरचे फोटो, तो सुरूच होईना. एरर वाचली तर म्हणे एक फोल्डर सापडत नाहीये. तेव्हा आठवलं की दोन वर्षांपूर्वी जागा पुरेना म्हणून मी फोटोंचं फोल्डर वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवलं होतं आणि कंटेनरला तिकडे नुसतं एक दार काढून दिलं होतं. याला बाइंड माउंट म्हणतात. आणि प्रॉक्समॉक्सचा बॅकअप बाइंड माउंटच्या आतलं काहीच उचलत नाही, दार कुठे आहे एवढं लिहून घेतो. म्हणजे दोन वर्षं रोज रात्री हिरवी टिक, आणि रोज रात्री फक्त दाराचा बॅकअप! डॉकर (कंटेनर चालवायचं दुसरं एक सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांचीही हीच रड आहे, इमेज, म्हणजे ॲपचा साचा, जपून ठेवतात आणि खरा डेटा असतो व्हॉल्यूम नावाच्या वेगळ्या जागेत.

नशीब, ती हार्ड डिस्क जिवंत होती. फोटो नव्या जागी कॉपी केले, कंटेनर सुरू झाला, आणि ॲप म्हणतं परवानगी नाही. आत जाऊन बघतो तर सगळ्या फाइलींचा मालक ‘नोबडी’. त्याचं असंय की सुरक्षेसाठी साध्या कंटेनरातला रूट (सगळे अधिकार असलेला मुख्य युजर) हा बाहेर खरा रूट नसतो, आतला ० नंबरचा माणूस बाहेर १००००० नंबरचा असतो. मी बाहेरून खरा रूट बनून कॉपी केली, आणि बाहेरच्या रूटला आतमध्ये नंबरच नाही, म्हणून तो ‘कोणीच नाही’. मालकी बदलायची एक कमांड, काम दोन मिनिटांचं, पण हे कळायला मला तीन तास लागले.

मोठ्या कंपन्यांचंही फार वेगळं नसतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या (प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ती साइट) एका इंजिनिअरने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं, लक्षात येईपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप बघायला गेले तर रोजचा डंप (डेटाबेसची फाइलीत उतरवलेली कॉपी) बरेच दिवस फेलच होत होता, कारण पोस्टग्रेस ९.६ आणि डंप घेणारं टूल ९.२ चं. फेल झाल्याच्या मेल जात होत्या, पण त्या वाटेतच नाकारल्या जायच्या, त्यामुळे कोणाला पत्ता नाही. वाचले ते कशामुळे, तर सहा तास आधी कोणीतरी टेस्टिंगसाठी हाताने एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेऊन ठेवला होता म्हणून. तो कॉपी होऊन साइट परत यायला साधारण १८ तास लागले, आणि हे सगळं त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, त्याबद्दल मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं.

अजून एक, बॅकअप एन्क्रिप्ट करत असाल तर त्याची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका राव. तिजोरीची चावी तिजोरीत. मी प्रिंट काढून आईच्या एलआयसीच्या फाइलीत ठेवलीये.

आता मी महिन्यातून एकदा कुठलातरी बॅकअप उचलून ९०१ नंबरचं वेगळं मशीन म्हणून रिस्टोअर करून बघतो. पहिल्यांदा केलं तेव्हा व्हर्च्युअल मशीनची नेटवर्कची वायर काढायला विसरलो, म्हणजे सेटिंगमध्ये ‘डिस्कनेक्ट’ची टिक करायची असते ती. मशीन उठलं, त्याच्या नोंदीत लाइट बिल अजून भरायचंच होतं, कारण बॅकअप तीन आठवडे जुना, मग त्याने इमानदारीत बाबांना आठवणीचा मेसेज पाठवला. बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडले, “अरे, भरलं ना मी परवाच!”